पाकीट आमच्याकडे अडलंय

११ ऑगस्ट

पाकिटावर पुढचा पत्ता ज्यांचा आहे त्या बाईंना,

वरती काय लिहायचं असतं ते मला येत नाही, म्हणून सरळ सुरुवात करते. मी ओळंब्याची बायको. कॉलेजात तुम्ही सगळे यांना ओळंबा म्हणत होता हे मला लग्नानंतर सहा वर्षांनी कळलं. मी हसून हसून खाली बसले, कारण मनातल्या मनात मी यांना काठी म्हणत होते. तुमचं नाव जास्त बरोबर आहे. भिंत सरळ आहे का बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो ना, अगदी तसे उभे राहतात हे. दुधवाल्याशी बोलतानासुद्धा.

तर तुमचं फिरतं पाकीट मार्चच्या अठ्ठावीस तारखेपासून आमच्या कपाटावर पडून आहे. यांना वेळ नाही. घरात नळाचं काम निघालंय, ते यांनाच बघावं लागतं. मी रोज कपाट पुसते, पाकीट उचलते, त्याच्याखाली पुसते, परत ठेवते. साडेचार महिने असं चाललं. परवा म्हटलं, पुरे झालं. खुर्चीवर चढून काढलं आणि स्वयंपाकघरात नेऊन उघडलं. आत पाच पत्रं. आमच्या घरी आली म्हणजे ती आमची, म्हणून काढून साखरेच्या रिकाम्या डब्यात नीट ठेवली. पण तुम्हाला रिकामं पाकीट जायला नको, म्हणून हे माझं पत्र घालून पाठवतेय.

मी शिकलेली नाही हो. चौथीत असताना आई आजारी पडली, मग शाळा तिथेच राहिली. पुढे शिवणाच्या मशिनवर तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले. म्हणजे शाळेशी संबंध राहिला, पण बाहेरून. जोडाक्षर आलं की मी आधी पाणी पिते. नात म्हणते, आजी, सगळ्यांचे नंबर दे, मी फोनवर ग्रुप करून देते. मी तिला म्हटलं, बाई गं, त्यांचा ग्रुप पंचावन्न वर्षांपूर्वीच झालाय, तुझी आईसुद्धा नव्हती तेव्हा.

तुम्ही कशा आहात? मी मजेत. गुडघा सोडून सगळं चांगलं चाललंय.

ओळंब्याची बायको


२० ऑगस्ट

वहिनी,

पाकीट मिळालं. पंचावन्न वर्षांत ते इतकं हलकं कधी आलं नव्हतं. उघडून तुमचं पत्र वाचलं आणि इतकी हसले, की शेजारीण भिंतीवर ठोकून विचारायला लागली, सगळं ठीक आहे ना.

आता ऐका. तुमच्या साखरेच्या डब्यात आम्हा पाच जणांचे सहा-सात महिने बंद झालेत. पाकीट घरी आलं की सगळी पत्रं वाचायची, त्यातलं फक्त आपलं जुनं काढायचं, आपलं नवं घालायचं आणि बाकीच्यांसकट पुढे पाठवायचं. दुर्बीणकडून ठोकळ्याकडे, ठोकळ्याकडून झोप्याकडे, झोप्याकडून तुमच्याकडे, तुमच्याकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून परत दुर्बीणकडे. सुरू केलं तेव्हा आम्ही अकरा होतो. अख्ख्या वर्गात मुलगी मी एकटी, आणि अंगानं बारीक असून सगळ्यांना टोचायची, म्हणून टाचणी. आता अंगानं बारीक नाही.

ती पत्रं परत हवीत, म्हणून रिकामं पाकीट सोबत परत पाठवतेय, पण त्याहून महत्त्वाचं दुसरंच आहे. पाकीट सहा महिने एकाच घरी अडलं, तर तो माणूस आपल्यातून गेला असं धरायचं आणि यादीतल्या त्याच्या नावावर रेष मारायची, असा आमचा नियम आहे. यादी दुर्बीणकडे असते आणि तो नियमाला फार पक्का. एकदा त्यानं ठोकळ्यावर रेष मारली. ठोकळा नुसता आळशी होता. दोन दिवस प्रवास करून तो दुर्बीणच्या दारात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, मयताला चहा मिळेल का. तुमचे सहा महिने २८ सप्टेंबरला भरतात.

तुमच्या पत्रानं ओळंब्याची हजेरी लागत नाही, याचं मला वाईट वाटतं. पत्र स्वतःच्या हातानं लिहिलेलं हवं. हा नियम केला कोणी, माहीत आहे? तुमच्याच यजमानांनी. आमच्यातला एक जण मोठा साहेब झाला आणि त्यानं सेक्रेटरीकडून टाइप केलेलं पत्र पाकिटात घातलं. ओळंब्यानं ते परत पाठवलं. वर लिहिलं, ‘ही मुलगी आपल्या वर्गात नव्हती.’

आणि वहिनी, मी पाणीपुरवठ्यात अडतीस वर्षं काढली. नळाच्या कामाचं मला सांगू नका. ओळंब्यानं नऊ महिन्यांत नदीवरच्या पुलाची सगळी चित्रं काढली होती, त्याला एका नळाला साडेचार महिने लागतात? तो आमच्यापैकी कुणावर रागावलाय का? काही बोलला असेल तर खरं ते कळवा.

टाचणी


२८ ऑगस्ट

टाचणीबाई,

पोस्टमन पायऱ्या चढून वर आला आणि म्हणाला, आजी, तुमच्या नावाचं आहे. मी म्हटलं, नीट बघा. त्यानं दोनदा बघितलं. दवाखान्याची चिठ्ठी सोडली तर माझ्या नावाचा कागद या घरात कधी आला नव्हता. मी तो वास घेऊन बघितला, खोटं कशाला सांगू. मग पिठाच्या डब्यामागे लपवला. आणि लपवल्यावर मलाच कसंतरी झालं, कारण लपवायची गरजच नव्हती. यांच्या समोर टेबलावर उघडा ठेवला असता, तरी यांना दिसला नसता.

नळ चांगला आहे. डोळे गेलेत. डावा दोन वर्षांपूर्वी गेला, उजवा या थंडीत. आता खिडकी कुठे आहे तेवढं कळतं. डॉक्टर म्हणाले, यापुढे काही करण्यासारखं नाही. कुणाला सांगायचं नाही अशी मला ताकीद आहे, पण तुम्ही खरं ते कळवा म्हणालात, आणि मी तुमच्या वर्गात नव्हते, तेव्हा तुमचे नियम मला लागू नाहीत.

घरात सगळं करतात हं. पलंगापासून दार अकरा पावलं, दारापासून बाल्कनी सात. चहा स्वतः ओततात, कपाच्या काठाला आतून बोट लावून. भाजलं तर बोलत नाहीत. फक्त लिहायचं नाव काढत नाहीत. तुम्हाला माहीतच आहे यांचं अक्षर. वाण्याची यादीसुद्धा छापल्यासारखी लिहायचे, मला ती दुकानात द्यायला जीव व्हायचा नाही. मी विचारलं, निदान मला सांगा, मी लिहिते. तर म्हणतात, नियम मीच केलाय.

आणि दुसरं एक आहे. मार्चमध्ये पाकीट आलं तेव्हा उजव्या डोळ्यात थोडी धुगधुगी होती. खिडकीशी बसून भिंगानं एक पत्र वाचलं, त्याला दोन दिवस लागले. मग सगळं पाकिटात घातलं आणि पाकीट कपाटावर टाकलं. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, की कुणीतरी माझ्या अक्षराची थट्टा केलीय. कुणी ते सांगेनात. तो मेला तुमच्यातलाच कुणीतरी. ज्या हातानं ते लिहिलं त्या हातातल्या पेनाची शाई वाळो, टोपण हरवो, आणि ऐन सहीच्या वेळी खिसा निळा होवो. तुम्हाला कोण ते माहीत असेल तर माझ्याकडून दोन शब्द ऐकवा.

पत्रं इतक्यात पाठवत नाही, रागावू नका. जेवणं झाली की मी शेंगा सोलायला बसते आणि एकेक पान मोठ्यानं वाचते, स्वतःशीच वाचल्यासारखं, ओळीखाली बोट धरून. हे रेडिओ लावून बसतात. पहिल्या दिवशी रेडिओ मोठा होता. दुसऱ्या दिवशी बारीक झाला. कामाचे शब्द मला येत नाहीत, तिथे मी ‘अमुक’ म्हणून पुढे जाते. तर दुसऱ्या दिवशी रेडिओमागून आवाज आला, “खांबाचा पाया.” मी म्हटलं, काय? म्हणाले, “अमुक नाही, खांबाचा पाया. वाच पुढे.” तिसऱ्या दिवशी रेडिओ लावलाच नाही. आता मी प्रत्येकाचा आवाज काढून वाचते. झोप्याभावजी जांभई देत, ठोकळाभावजी घशातून. मी त्यांना कधी बघितलेलं नाही, पण हे म्हणतात बरोबर काढतेस.

फक्त तुमचं पत्र वाचायचं राहिलंय. हातात घेतलं तर म्हणाले, टाचणीचं राहू दे, तिचं नेहमीचंच असतं. मी ठेवून दिलं. पण बाई, एवढं नेहमीचं काय असतं त्यात? मला विचारायचा हक्क आहे असं मला वाटतं.

ओळंब्याची बायको


५ सप्टेंबर

वहिनी,

हे पत्र चौथ्यांदा लिहितेय. आधीची तीन हुशारीची झाली होती, म्हणून फाडली.

ज्या हातातल्या पेनाची शाई वाळो म्हणालात, तो हात माझा. डब्यातलं माझं पत्र काढा, दुसऱ्या पानावर आहे. तुम्ही वाचायच्या आधी मीच सांगते. मी लिहिलंय, ‘ओळंब्या, पूर्वी तुझ्या ओळीवर पाणसळ ठेवली तर आतला बुडबुडा जागचा हलायचा नाही. मागचं पत्र मात्र धावत्या बसमध्ये उभ्यानं लिहिलंस काय? का वहिनी धक्के मारत होत्या?’

मला माहीत नव्हतं. ही सबब आहे, आणि खरीही आहे. त्याच्या अक्षरात काहीतरी बिनसलंय ते मला दिसलं होतं. कधी नव्हे ते ‘क’ ‘फ’ला चिकटला होता. दुसऱ्या कुणी विचारलं असतं, काय रे, बरा आहेस ना. मी विनोद केला. आयुष्यभर मी तेच केलंय. साइटवर चाळीस पुरुषांत एकटी असताना ते उपयोगी पडायचं.

त्यानं तुम्हाला माझं पत्र वाचू दिलं नाही ते माझी लाज राखायला. त्याच्या जागी मी असते तर सगळ्यांना सांगत फिरले असते. आणि वहिनी, तुम्ही ज्या हक्कानं विचारलंत त्याचंही उत्तर देते. तसलं काही नव्हतं. तो मला ड्रॉइंगच्या तासाला खोडरबर द्यायचा आणि तास संपला की मोजून परत घ्यायचा.

मी दुर्बीणला फोन केला. त्याला, ठोकळ्याला आणि झोप्याला खरं ते सांगितलं. तुमची ताकीद मोडली, माफ करा. तिघंही म्हणाले, नियम बदलू. ओळंब्यानं सांगायचं, वहिनींनी लिहायचं, हजेरी लागेल. फक्त त्याला विचारायचं राहिलंय. ते तुम्ही करा. माझं धाडस होत नाही.

टाचणी


१२ सप्टेंबर

टाचणीबाई,

तीन दिवस मी तुमच्याशी मनातल्या मनात बोलले नाही. तुमचं पत्र उशाच्या खोळीत घातलं आणि वर डोकं ठेवून झोपले, तुम्हाला जरा चेपावं म्हणून. चौथ्या दिवशी डब्यातलं तुमचं पान काढून वाचलं, आणि त्या धक्के मारणाऱ्या वहिनीशी आले तर मला हसू आलं. काय करणार. शाई वाळण्याचं मी परत घेते. टोपणाचं राहू दे.

मग मी ते यांना वाचून दाखवलं. तुमचं कबुलीचं पत्रसुद्धा. म्हणजे मी माझं पत्र घालून पाकीट पुढे पाठवलं, डोळ्यांचं तुम्हाला कळवलं, हे सगळं एका दुपारी बाहेर आलं. हे कप हातात धरून ऐकत होते. मला वाटलं आता कप फुटणार.

म्हणाले, “तिनं लिहिलं होतं त्यात चूक काय होती?”

मी म्हटलं, “अहो, मग एवढं मनाला का लावून घेतलंत?”

“खोटं असतं तर हसलो असतो.”

मग मी नियम बदलायचं सांगितलं. तिघं तयार आहेत, तुम्ही फक्त बोला, मी लिहिते, माझं अक्षर वाईट आहे पण मी सावकाश लिहीन. तर ताठ झाले. म्हणाले, “माझ्यासाठी नियम वाकवून मला आत घ्यायचं, म्हणजे मी आत नसल्यासारखाच. मारू दे रेष.” मी म्हटलं, “मारू दे काय? जिवंत माणसावर?” तर म्हणतात, “ठोकळ्यावर मारलीच होती की.” म्हटलं, “ते उठून गेले होते. तुम्ही कुठे जाणार? बाल्कनीपर्यंत सात पावलं.”

हे मी बोलायला नको होतं. जेवले नाहीत त्या दिवशी.

दुसऱ्या दिवशी मी मशिनमधला दोरा काढला आणि नुसत्या सुईनं कागदावर ओळी मारल्या, म्हणजे बोटाला भोकं लागतील. तिकिटासारखा फाटला तो. मग जाड दोऱ्यानं हातानंच टाके घातले, वहीत असतात तशा ओळी, एकीखाली एक. पुढ्यात ठेवला, पेन हातात दिलं. यांनी बोट फिरवलं, दोन अक्षरं काढली, आणि दोन्ही दोऱ्यावर चढून बसली. पेन ठेवलं. “मला परत पहिलीत घालतेस?” म्हणाले आणि बाल्कनीत गेले.

मला चौथीतून काढलं तेव्हा मी रडले नव्हते, पण त्या कागदाकडे बघून रडले. सोळा दिवस राहिलेत. मला ती रेष नको आहे हो. हे तसे कमीच बोलतात, पण पाकीट यायचं तेव्हा आठवडाभर बडबड करायचे. तेवढाच एक आठवडा मला नवरा बडबड्या मिळायचा.

ओळंब्याची बायको


१७ सप्टेंबर

वहिनी,

थोडक्यात लिहिते, टपाल सुटायचंय. तो उत्तर देईल तेव्हा देईल, तुम्ही मागे लागू नका. त्याला ढकललं की तो पाय रोवतो, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून माहीत आहे.

दुर्बीणचा फोन आला होता. आवाज एकदम खणखणीत, आणि म्हणतो, मला ताप भरलाय, महिनाअखेरीला यादीला हात लावायची ताकद राहील असं वाटत नाही. मी म्हटलं, दुर्बीण, तू नियमाचा माणूस ना? तर म्हणतो, म्हणून तर आजारी पडावं लागतंय.

पण तो सप्टेंबरभरच आजारी पडू शकतो. त्यानंतर त्याला स्वतःलाच पटणार नाही.

टाचणी


२५ सप्टेंबर

टाचणीबाई,

मागे लागले नाही. तुमचं ऐकलं. कागद दोऱ्यासकट ओट्याच्या खणात टाकला आणि त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. माझ्यासारखीला हे किती जड गेलं असेल, तुम्हीच ओळखा.

तिसऱ्या दिवशी मी बटाटे सोलत होते तर हे दारात उभे. म्हणाले, “तुझा दोरा चुकीच्या जागी आहे.”

मी म्हटलं, “कुठला दोरा?” मुद्दाम.

“ओळ खाली कशाला घालतेस? आपलं अक्षर खाली उभं राहत नाही, वरून लटकतं. वरची रेघ आधी, मग अक्षर. दोरा रेघेच्या जागी पाहिजे.”

आणि खरंच की. कपडे वाळत घालतो तसंच आहे ते. दोरी वर, सदरे खाली. इतकी वर्षं मी दोन्ही कामं केली, पण माझ्या ध्यानात आलं नाही. मग यांनी मला काम सांगायला घेतलं, ऑफिसात सांगत असतील तसं. दोन ओळींत दोन बोटं जागा ठेव. टाके लहान घे. डावीकडे एक गाठ मार, म्हणजे ओळ कुठून सुरू ते कळेल. उजवीकडे दोन गाठी, म्हणजे थांबायचं. मी सहा कागद शिवले. तीन नापास केले, दोरा सैल आहे म्हणून. मला इतकं बरं वाटलं त्यांचं ओरडणं ऐकून.

चार दुपारी लागल्या. पुठ्ठा मांडीवर, डाव्या हाताचं बोट दोऱ्यावर, उजव्या हातात पेन. अक्षर झालं की डावं बोट पुढे सरकतं आणि त्याची जागा धरून ठेवतं. मधेच विचारायचे, शाई उमटतेय ना? मी लांबूनच हो म्हणायचे. एक पान पेन कोरडं असताना लिहिलं गेलं. मी ते सांगितलं नसतं तर बरं झालं असतं का, असं मला वाटलं, पण सांगितलं. यांनी दुसरा कागद घेतला.

घडी स्वतः घातली आणि मला म्हणाले, “वाचायचं नाही.” मी वाचलेलं नाही. पाकिटात घालताना एक शब्द दिसला, तो ‘पाणी’ होता का ‘बाई’ ते कळलं नाही. बाकीच्यांची पत्रंही घातलीत, फक्त यांचं जुनं काढून घेतलं. बरोबर ना? झोप्याभावजींच्या पत्राला साखर चिकटलीय, ती मी झटकलीय.

पोस्टात मी स्वतः गेले, गुडघ्याला सांगितलं आज गप्प बस. २८च्या आत पोहोचेल असं खिडकीवरचा माणूस म्हणाला. मी त्याला तीनदा विचारलं.

ओळंब्याची बायको


४ ऑक्टोबर

वहिनी,

पाकीट सत्तावीसला पोहोचलं. दुर्बीणचा ताप त्याच दुपारी उतरला.

ओळंब्याचं पत्र वाचायला मला दोन तास लागले. अक्षरं मोठी आहेत, दोन ठिकाणी एकमेकांत घुसलीत आणि शेवटची ओळ कागद सोडून गेलीय. ती बहुतेक तुमच्या पुठ्ठ्यावर सापडेल. तो तुम्हाला वाचू देत नाही, पण पत्र आता माझ्या हातात आहे आणि मी तुम्हाला सांगणार आहे. त्यानं गप्प राहून मला तुमच्यापासून वाचवलं होतं, तसं गप्प राहणं माझ्यानं होणार नाही.

लिहितो, ‘मित्रांनो, डोळे गेले. हळहळ कळवू नये, पानं वाया जातात. टाचणे, तू लिहिलंस ते बरोबर होतं. आता बस थांबलीय, मी पायी चाललोय. नियम मी केला, तो तसाच ठेवा. त्याच नियमानं एक नाव वाढवावं अशी माझी सूचना आहे. या घरात एक बाई स्वतःच्या हातानं लिहिते. तिनं तुम्हा सगळ्यांची पत्रं मला वाचून दाखवली, आणि तुम्ही आहात त्यापेक्षा बरे वाटलात. माझ्यानंतर आणि टाचणीच्या आधी तिची जागा असावी.’

दुर्बीण म्हणाला, त्या आपल्या कॉलेजात नव्हत्या. त्यावर ठोकळा म्हणाला, मी दोनदा नापास झालो तरी यादीत आहे, वहिनी तर एकदाही नापास झालेल्या नाहीत. झोप्याला विचारलं तर तो म्हणाला, माझ्या जांभईची नक्कल करणाऱ्या बाई आतच बऱ्या.

यादीत तुमचं नाव घातलंय. पाकीट एप्रिलमध्ये तुमच्याकडे येईल, आधी त्याचं, मग तुमचं. दुर्बीणनं तुमच्यासाठी एक पोटनियम जोडलाय, कारण एकाच घरात दोघं असं आमच्यात कधी झालं नव्हतं. पाकिटात आपल्या आधीची पत्रं वाचायची. आपल्यानंतर लिहिलेली मात्र पाकीट फिरून आल्यावरच. घरातल्या घरात दाखवाबघू चालणार नाही.

टाचणी


१९ एप्रिल

पाकिटातल्या सगळ्यांना,

मी नवीन. वरती काय लिहायचं ते अजून आलेलं नाही.

पाकीट बारा तारखेला आलं. आठवडाभर आमच्याकडे नुसती बडबड चालू होती. ठोकळाभावजींनी जिन्यावरून पडल्याचं लिहिलंय ते मी दोनदा वाचून दाखवलं, दुसऱ्यांदा पडून दाखवलं. झोप्याभावजी, तुमची पपई लागली हे वाचून बरं वाटलं, पण तिला पाणी कमी घाला. दुर्बीणभावजी, तुमच्या पत्राला समास इतका मोठा आहे की तिथे मी हिशोबच लिहिणार होते. टाचणीताई, तुम्हाला मी वेगळं लिहीनच, तुमच्याशी बोलायला हे पान पुरत नाही.

यांनी चार दुपारी घेऊन आपलं पत्र लिहिलं. आता दोऱ्याचा कागद दुसरं कुणी शिवलेला चालत नाही. नातीनं शिवून बघितला, परत आला. मग आज जेवणं झाल्यावर हे पावलं मोजत स्वयंपाकघरात आले, पाकीट दोन्ही हातांत धरून. म्हणाले, “घ्या. तुमची पाळी.” बावन्न वर्षांच्या संसारात या माणसानं मला पहिल्यांदा अहोजाहो केलं. मी हात पुसले आणि घेतलं.

यांचं पत्र माझ्या आधीचं, म्हणून ते मला नियमानं वाचता येतं. वाचलं. त्यात माझ्याबद्दल दोन ओळी आहेत, एक चांगली आणि एक खरी. दोन्हीला उत्तर म्हणून मीही यांच्याबद्दल बरंच लिहिणार आहे. हे समोरच्या खुर्चीवर बसलेत.

“काय लिहितेस?”

“पत्र.”

“वाच की.”

“तुमच्यानंतरचं आहे. पाकीट फिरून आलं की वाचीन.”

“सात महिने?”

“दुर्बीणभावजींनी लवकर पुढे पाठवलं तर सहा.”

“माझ्याबद्दल आहे का काही?”

मी पेन पुढे चालवलं. नियम तो नियम. आता बोटं टेबलावर वाजवतायत आणि कान इकडे लावलाय. यांना पेनाचा आवाज ऐकू येतो, कितव्या ओळीवर आले ते त्यावरून ओळखायचा प्रयत्न चाललाय. झालं का, असं आत्ता चौथ्यांदा विचारलं. खरं म्हणजे माझं केव्हाच लिहून झालंय. पण मी अजून नाही म्हटलं, आणि पेन नुसतंच कागदावर फिरवत बसलेय.